भक्ताचे कान

आवडत्या माणसाच्या नव्या कृतीइतकी भीतिदायक वस्तू जगात दुसरी नसावी, असे आमचे मत पुष्कळ दिवसांपासून होत आले आहे. परक्याचे पुस्तक वाईट निघाले तर आपली फार तर एक संध्याकाळ फुकट जाते. परंतु ज्याच्या पुस्तकांवर आपण वाढलो त्याचेच नवे पुस्तक रद्दी निघाले, तर आपल्या पूर्वायुष्यातील काही वर्षे कोणी तरी मागे जाऊन खोडून टाकीत आहे असे वाटू लागते. म्हणूनच की काय, आवडत्या ग्रंथकाराच्या नव्या ग्रंथाची जाहिरात वाचून खरा वाचक आनंदाने टुणकन उडी मारीत नाही. तो आधी जरा दचकतो. जी गोष्ट ग्रंथकाराची तीच नटाची आणि तीच गवयाची. प्रेम जितके जुने तितकी ही धास्ती मोठी.

वर्गात आम्ही विद्यार्थ्यांस अर्थात निराळेच शिकवितो. कृतीकडे पाहा, कर्त्याकडे पाहू नका, हा आमच्या धंद्याचा पहिला पाठ. केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांस कवींची नावे झाकून नुसत्या कविता वाचावयास दिल्या आणि त्या मुलांनी जे अभिप्राय दिले त्यांवर १९२९ साली एक ग्रंथच प्रसिद्ध केला. नाव झाकले म्हणजे भल्याभल्यांची रसिकता कशी चाचपडू लागते, हे त्या ग्रंथावरून दिसून येते. आम्ही दर वर्षी या प्रयोगाची हकीकत मोठ्या उत्साहाने सांगतो. मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत आमच्याच शब्दांत आम्हांस परत देतात.

परंतु खरे बोलावयाचे तर या रिचर्ड्सांपेक्षा दुसऱ्या एका रिचर्ड्सांचा परिणाम आमच्या आयुष्यावर अधिक झाला आहे. ते म्हणजे कीथ रिचर्ड्स, विलायतेतील ‘रोलिंग स्टोन्स’ या रॉक संगीताच्या मंडळीचे गिटारवादक. केंब्रिजकरांनी आमचे डोके घडविले असेल. आमचे कान मात्र या दुसऱ्यांनी घडविले. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा लावणाऱ्या आणि विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या गृहस्थाने असल्या गोंगाटाचे भक्त असावे हे पुष्कळांस विपरीत वाटते. आमच्या घरी येणारे वडीलधारे पाहुणे कपाटातील त्या कॅसेटींकडे पाहून “मुलीच्या वाटतं?” असे विचारतात, आणि आमची पत्नी “नाही, ह्यांच्याच,” असे अशा स्वरात सांगते की पाहुण्यांनी विषय बदललाच पाहिजे.

या भक्तीची दीक्षा आम्हांस पुण्यास कॉलेजच्या वसतिगृहात मिळाली, आणि देणारा आमचा खोलीतील सोबती होता. आखातात नोकरी करणाऱ्या त्याच्या मामांनी आणलेल्या कॅसेटी तो कोऱ्या कॅसेटींवर उतरवून घेई. उतरविता उतरविता मूळचा आवाज इतका पातळ होई की, गायक विहिरीच्या तळाशी उभा राहून गात आहे असा भास व्हावा. तथापि त्या विहिरीतून जे वर आले त्याने आमची झोप उडविली. पहिल्या वर्षी आम्ही एकत्र ऐकले. दुसऱ्या वर्षापासून भांडू लागलो. आणि पुढील तेहतीस-चौतीस वर्षे ते भांडण कधी समक्ष, कधी पत्रांतून आणि अखेर अखेर टेलिफोनवरून अखंड चालू राहिले.

भांडणाचा मुद्दा एकच. मित्राचे म्हणणे असे की, १९६८ चा ‘बेगर्स बँक्वेट’, १९६९ चा ‘लेट इट ब्लीड’, १९७१ चा ‘स्टिकी फिंगर्स’ आणि १९७२ चा ‘एग्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ या चार संग्रहांत या मंडळीने जे करावयाचे ते करून ठेविले. पुढे १९७८ च्या ‘सम गर्ल्स’ला तो नाइलाजाने उत्तीर्ण करी, त्यानंतरचे सारे त्याच्या लेखी निवृत्तिवेतन होते. आम्ही मात्र प्रत्येक नव्या संग्रहाचे वकीलपत्र घेत असू. १९८६ च्या ‘डर्टी वर्क’चेसुद्धा, ज्याची बाजू घेण्यास त्या मंडळीचे कट्टर चाहतेदेखील सहसा पुढे येत नाहीत. मित्र म्हणे, “अरे, तुझं ऐकणं हे ऐकणं नव्हे. भक्ताला कान नसतात, टाळ्या वाजवायला नुसते हात असतात.” आम्ही म्हणत असू, “आणि तुला कान आहेत, पण ते १९७२ साली बंद झाले.” असे हे भांडण. त्याचा निकाल लागावा अशी दोघांपैकी कोणाचीही इच्छा नव्हती.

ज्या वाचकांस या मंडळीचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडे पूर्ववृत्त सांगणे प्राप्त आहे. लंडनच्या पूर्वेस डार्टफर्ड नावाचे गाव आहे. तेथील रेल्वे फलाटावर १९६१ च्या ऑक्टोबरात दोन तरुणांची गाठ पडली. लहानपणी दोघे एकाच प्राथमिक शाळेत होते. पुढे त्यांची ताटातूट झाली होती. त्यांपैकी मिक जॅगर हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या अभ्यासास लागलेला. त्याच्या काखोटीस अमेरिकेतून मागविलेल्या चक बेरी व मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या. त्या तबकड्या पाहून कीथ रिचर्ड्स थांबला आणि तेथेच सारे सुरू झाले. १९६२ च्या १२ जुलै रोजी लंडनच्या मार्की क्लबात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. मंडळीचे नाव ठेविले ब्रायन जोन्स या तिसऱ्या तरुणाने. वर्तमानपत्रात जाहिरात देताना नाव काय म्हणून विचारणा झाली, तेव्हा समोर पडलेल्या मडी वॉटर्सच्या तबकडीवरील एका गाण्याचे नाव त्याने सांगून टाकले, अशी कथा रिचर्ड्स सांगतात. ते गाणे ‘रोलिन स्टोन’, १९५० सालचे. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपल्याकडील दोन गोष्टी या मंडळीने उचलल्या आहेत, त्यांचाही उल्लेख करावासा वाटतो. १९६६ च्या ‘पेंट इट ब्लॅक’ या गाण्यात ब्रायन जोन्स यांनी सतार वाजविली. ती ऐकून आपल्याकडील सतारियांनी कानांवर हात ठेविले तर त्यांस दोष देता येणार नाही. पण त्या गाण्यात जी एक काळोखी भोवंड आहे ती सतारीवाचून आली नसती हेही तितकेच खरे. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचे जगप्रसिद्ध चिन्ह, ते लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ. जॅगर यांनी कालीमातेचे एक चित्र पाहिले होते. त्यावरून सुचलेली कल्पना जॉन पॅश या कलाशाळेतील तरुणाने रेखाटली आणि १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’वर ती प्रथम झळकली. त्या चित्राबद्दल पॅश यांस आरंभी पन्नास पौंड मिळाले. मूळ रेखाटन आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आमच्या आईस आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, “देवीची जीभ घेतली, पण भाव नाही घेतला.” टीका म्हणून हे वाक्य आमच्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षा सरस आहे.

१९६९ च्या जुलैत ब्रायन जोन्स गेले. १९७५ मध्ये रॉनी वुड आले. बास वाजविणारे बिल वायमन १९९३ मध्ये बाहेर पडले. या साऱ्या येरझारांत जॅगर, रिचर्ड्स आणि ड्रमवर बसणारे चार्ली वॉट्स हे तिघे मात्र हलले नाहीत. २००३ च्या एप्रिलात ही मंडळी हिंदुस्थानात आली. बंगळूरनंतर ७ एप्रिल रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला. मित्र आणि आम्ही बरोबरच गेलो. ज्या मैदानाने विजय मर्चंटांची फलंदाजी पाहिली त्या मैदानावर साठीला टेकलेले जॅगर ज्या वेगाने धावत होते तो पाहून मित्र काही बोलला नाही. परतताना चर्चगेटच्या गाडीत त्याने एवढेच म्हटले, “वॉट्सकडे पाहिलंस का? सगळे नाचतात आणि तो हिशेब लिहिणाऱ्या कारकुनासारखा बसतो. सगळं त्याच्यावर उभं आहे.” त्याच्याकडून या मंडळीच्या वर्तमानकाळाविषयी निघालेला हा एकमेव गौरवोद्गार.

पुढे २००५ साली ‘अ बिगर बँग’ हा संग्रह निघाला आणि त्यावर आम्हां दोघांचे नेहमीप्रमाणे यथासांग भांडण झाले. मग मात्र नवा संग्रह येईना. २०१६ मध्ये जुन्या ब्लूज गीतांचा एक संग्रह आला, पण ती गाणी दुसऱ्यांची. स्वतःच्या नव्या गाण्यांच्या संग्रहावाचून दहा वर्षे गेली, पंधरा गेली. २०२१ च्या एप्रिलात करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचा मित्र गेला. त्या दिवसांत कोणी कोणाच्या घरी जाऊन बसू शकत नव्हते, हे वाचकांस सांगावयास नको. त्यानंतर चार महिन्यांनी, २४ ऑगस्ट रोजी, ऐंशी वर्षांचे चार्ली वॉट्स लंडन येथे निवर्तले. ती बातमी वाचून आमचा हात सवयीने टेलिफोनकडे गेला, आणि मग तेथेच थांबला.

आता काही नवे येणार नाही, अशी आमची खात्री झाली. ही खात्री दुःखाची खरी, पण तिच्यात एक प्रकारचे स्वास्थ्यही होते. मृत मित्राशी भांडता येत नाही आणि बंद झालेल्या ग्रंथमालेवर नवा अभिप्राय द्यावा लागत नाही. अशा स्थितीत २०२३ च्या सप्टेंबरात वृत्त आले की, ‘हॅकनी डायमंड्स’ या नावाचा बारा गाण्यांचा नवा संग्रह २० ऑक्टोबर रोजी प्रसिद्ध होत आहे. हॅकनी हा लंडनचा पूर्वेकडील भाग. चोरांनी मोटारीची काच फोडली म्हणजे रस्त्यावर जो चुरा चमकतो त्यास तेथील बोलीत ‘हॅकनीचे हिरे’ म्हणतात. ऐंशीच्या घरातील माणसांनी आपल्या गाण्यांस फुटक्या काचेचे नाव द्यावे, यात विनोद आहे तसा विनयही आहे. तथापि आरंभी सांगितलेली ती धास्ती आम्हांस याच वेळी जितकी वाटली तितकी पूर्वी कधीच वाटली नव्हती. कारण या खेपेस वकीलपत्र घ्यावे तर समोर प्रतिपक्ष नाही. ज्या वकिलाच्या पुढे कोणीच उभे नाही त्याचे भाषण किती वेळ टिकणार?

संग्रह आला तेव्हा नवरात्राचे दिवस होते. घरात घट बसलेले होते. एके काळी असे काही हवे असले म्हणजे मुंबईस काळ्या घोड्याजवळ रिदम हाऊसमध्ये जावे लागे. ते दुकान २०१६ साली बंद झाले. आता गाणी आणावी लागत नाहीत; ती हवेतून येतात. मुलीने आपल्या फोनवर ती लावून दिली आणि ‘बाबांचे म्हातारे’ काय म्हणतात ते ऐकावे म्हणून स्वतःही बसली. तिचे वय वीस. तिच्या कानांवर चाळीस वर्षांचे ओझे नाही. केंब्रिजच्या रिचर्ड्सांस जसा श्रोता हवा होता, तसा अनायासे आमच्या शेजारी बसला होता.

पहिले गाणे ‘अँग्री’. प्रेयसी आपल्यावर का रागावली आहे, असा त्यातील नायकाचा सवाल. गिटारचा पहिला ठोका ऐकताच आम्हांस घरी आल्यासारखे झाले, मुलगी मात्र म्हणाली, “आजोबांच्या वयाचा माणूस अजून या भांडणातच आहे होय?” प्रश्न निरुत्तर करणारा होता. या संग्रहातील निम्म्याहून अधिक गाण्यांवर तो लागू पडतो. रुसणाऱ्या, छळणाऱ्या, सोडून जाणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्यावर चिडलेला पुरुष हे १९६५ चे सामान येथे फारसे न झटकता पुन्हा मांडले आहे. शिवाय अँड्र्यू वॉट या तरुण निर्मात्याने प्रत्येक गाण्यास असे लख्ख पॉलिश केले आहे की, जुन्या संग्रहांतील ती धूळ, ती गर्दी, ते एकमेकांच्या अंगावर आदळणे पुष्कळ ठिकाणी हरवले आहे. ‘बाइट माय हेड ऑफ’ या गाण्यात तर बीटल्सचे पॉल मॅकार्टनी बास वाजवावयास येतात. ज्या दोन मंडळ्यांच्या अनुयायांनी कधी काळी एकमेकांचे तोंड पाहू नये इतकी चुरस बाळगली, त्यांतील एका पक्षाचा म्होरक्या एक्याऐंशीव्या वर्षी दुसऱ्याच्या पंक्तीस येऊन बसतो आणि धसमुसळेपणाने वाजवितो, हे दृश्य मोठे प्रेमळ आहे. पण गाणे म्हणून ते गंमतीपलीकडे जात नाही. हे सारे मित्राने एका वाक्यात सांगितले असते, आणि आम्ही ते एका तासाने खोडून काढले असते.

‘होल वाइड वर्ल्ड’मध्ये लंडनच्या फुलम भागातील घाणेरड्या बिऱ्हाडाची आठवण येते, तेव्हा मात्र ऐकणारा जरा सावरून बसतो. ‘ड्रीमी स्काइज’ हे संथ गाणे जगापासून दूर जाऊन बसण्याच्या इच्छेचे आहे, आणि ती इच्छा या वयास शोभते. ‘टेल मी स्ट्रेट’ हे गाणे रिचर्ड्स यांनी स्वतः म्हटले आहे. त्यांचा आवाज कधीच गोड नव्हता. आता तो जुन्या दाराच्या बिजागरीसारखा झाला आहे. तरीही, काय आहे ते सरळ सांगून टाक, एवढेच मागणारे ते गाणे त्या आवाजातच खरे वाटते. तरुण कंठातून ते उसने वाटले असते.

आठवे गाणे ‘लिव्ह बाय द सोर्ड’. ते सुरू झाले आणि आम्ही मुलीस हात करून गप्प बसविले. या गाण्यातील व त्यापूर्वीच्या ‘मेस इट अप’ या गाण्यातील ड्रम चार्ली वॉट्स यांचे आहेत. मृत्यूपूर्वी दोन वर्षे, २०१९ मध्ये, ते मुद्रित झाले होते. शिवाय ‘लिव्ह बाय द सोर्ड’साठी बिल वायमन तीस वर्षांनंतर आपला बास घेऊन आले, सत्त्याऐंशीच्या घरातले. म्हणजे जुनी बैठक, ब्रायन जोन्सांवाचून, पुन्हा एकदा एका गाण्यापुरती जमली. वॉट्स यांच्या वादनाची एक लकब जाणकारांस ठाऊक आहे. डाव्या हाताने मधल्या ढोलावर आघात करतेवेळी त्यांचा उजवा हात झांजेवरून क्षणभर उचलला जाई; दोन्ही हात एकदम पडत नसत. त्यामुळे तो आघात एकटा, मोकळा पडे, आणि त्याच्या भोवती थोडी हवा राही. आपल्याकडे ज्यास कालाची जागा कळते असे तबलजीविषयी म्हणतात, तीच ही गोष्ट. बहुतेक मंडळ्या ड्रमवाल्याच्या मागे चालतात. येथे वॉट्स रिचर्ड्सच्या गिटारमागे किंचित रेंगाळत चालत आणि वायमन मात्र किंचित पुढे. सारे गाणे आता पडते की मग पडते अशा बेताने डुलत असे आणि कधीच पडत नसे. त्यांच्या जागी आलेले स्टीव्ह जॉर्डन कसलेले वादक आहेत. वॉट्स यांनी स्वतःच त्यांचे नाव सुचविले होते. बाकीच्या गाण्यांत त्यांनी कोठेही उणे पडू दिलेले नाही. पण या दोन गाण्यांत ती हवा आहे आणि इतर गाण्यांत ती नाही, हा फरक आमच्या कानांनी कोणी न सांगता ओळखला असता.

ओळखला असता काय? येथे आमच्यातील अध्यापक जागा झाला. वॉट्स कोठे वाजवीत आहेत हे आम्ही आधीच वाचले होते. मग आम्ही ऐकले ते वादन की बातमी? आम्ही मुलीस विचारले. तिला चार्ली वॉट्स कोण हे माहीत नव्हते. ती म्हणाली, “या गाण्याला घाई नाहीये.” आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो. चर्चगेटच्या गाडीत निघालेल्या त्या उद्गाराशी या चार शब्दांचे नाते होते, आणि ते तिला कोणीही पढविलेले नव्हते.

येथे म्हाताऱ्या कलावंतांचा जो जुना वाद आहे त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कलावंताने थांबावे केव्हा? आपल्याकडे याची दोन थोर उदाहरणे आहेत आणि ती परस्परांविरुद्ध आहेत. केसरबाई केरकर यांनी, १९६० नंतरच्या काही वर्षांत, आपल्या गाण्याची पूर्वीची प्रत राहत नाही असे दिसताच जाहीर गायन स्वतः होऊन बंद केले. कोणी आग्रह केला तरी त्या बधल्या नाहीत. उलट बालगंधर्व उतारवयातही स्त्रीभूमिका करीत राहिले. आमच्या आजोबांनी त्यांची सिंधू उमेदीच्या काळात पाहिली होती आणि पुढे थकल्या काळातही पाहिली. थकल्या प्रयोगास बरोबर आलेला एक तरुण नातलग हसला, तेव्हा आजोबा म्हणाले, “तुला जे दिसतं तेवढंच तू पाहतोस. आम्हांला दोन्ही दिसतात.”

आजोबांचे हे वाक्य आम्ही पुष्कळ वर्षे भक्तीचे ब्रीदवाक्य म्हणून बाळगले आहे. भक्त वर्तमान आवाजाच्या मागे सारे पूर्वीचे आवाज ऐकतो; त्यास दोन्ही ऐकू येतात, हे त्याचे भाग्य. परंतु या वाक्यास दुसरीही बाजू आहे. ज्यास दोन्ही दिसतात त्याने दोन्ही पाहिली पाहिजेत. थकलेले रूप उमेदीच्या रूपाआड लपवून ठेवणे म्हणजे एकच पाहणे. आजोबा नारायणरावांच्या प्रयोगास शेवटपर्यंत गेले, पण आवाज पूर्वीसारखा लागला असे मात्र त्यांनी घरी येऊन कधी सांगितले नाही. “आज दोन जागा घेतल्या, त्या त्यांच्याच,” एवढेच ते सांगत. दोन म्हणजे दोन. त्या हिशेबात प्रेम होते आणि सत्यही होते. आमच्या मित्राने आयुष्यभर जो हिशेब मागितला तो याहून निराळा नव्हता.

तर आता हिशेब. अकरावे गाणे ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ सात मिनिटांहून मोठे आहे. त्यात स्टीव्ही वंडर यांची पेटी-पियानोची साथ आहे आणि लेडी गागा या तरुण गायिकेचा आवाज आहे. गाणे देवळातील भजनासारखे हळूहळू चढत जाते, संपले असे वाटते, आणि मग दोघे जणू घरी जाण्यास निघालेले पुन्हा उंबरठ्यावरून परत फिरावेत तसे परततात. जॅगर यांनी त्यावर्षी ऐंशी पुरी केली होती. तो आवाज ऐकून कोणी त्यांस वयाची सवलत देणार नाही. ती मागण्याचा त्यांचा विचारही दिसत नाही. आमच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर उतारवयात गावयास बसत तेव्हा श्रोते वय विसरत. रॉक हे तारुण्याचे संगीत, ते चाळिशीनंतर गाऊ नये, असे म्हणणाऱ्यांस या गाण्याने उत्तर मिळाले आहे.

आणि बारावे. शेवटचे गाणे सुरू झाले तेव्हा मुलीने विचारले, “हे दुसरं कोणी गातंय का?” तिचा प्रश्न योग्य होता. येथे निर्माता नाहीसा झाला आहे, पाहुणे गेले आहेत, ड्रम नाहीत. उरले आहेत फक्त डार्टफर्डच्या फलाटावरचे दोघे: एकाची गिटार, दुसऱ्याचा आवाज आणि माउथ ऑर्गन. गाणे मडी वॉटर्स यांचे, तेच १९५० सालचे, ज्यावरून मंडळीस नाव मिळाले. साठ वर्षांच्या कारकिर्दीत हे गाणे त्यांनी आपल्या कोणत्याही संग्रहात घेतले नव्हते. तीन मिनिटांहून लहान असे हे गाणे ऐकताना कळते की, यांचे मूळ दैवत तारुण्य हे कधीच नव्हते. ते ब्लूज होते, आणि ब्लूज हे वय झालेल्या, सोसलेल्या माणसांचेही गाणे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दुःखातून निघालेले हे संगीत विलायती पोरांनी उसने घेतले आणि त्यावर अफाट कीर्ती व संपत्ती मिळविली, हा आक्षेप जुना आहे आणि तो खोटा नाही. पण उसन्याची आठवण ठेवणारे ऋणको जगात थोडे.

मित्राची पद्धत गुण देण्याची होती, म्हणून तीच येथे चालवितो. बारांपैकी चार: ‘टेल मी स्ट्रेट’, ‘लिव्ह बाय द सोर्ड’, ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ आणि शेवटचे. बाकी आठांपैकी तीन-चार पुन्हा ऐकण्यास हरकत नाही. उरलेली न ऐकली तरी चालतील. २०२५ च्या फेब्रुवारीत या संग्रहास सर्वोत्कृष्ट रॉक संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, त्यामुळे आमच्या आकड्यात फरक पडत नाही. मित्राने चारांऐवजी तीन म्हटले असते, आणि ते चौथे कोणते यावरून एक वर्ष सहज निघाले असते. ते वर्ष आता मिळावयाचे नाही. तथापि एका गोष्टीचा उलगडा आम्हांस या निमित्ताने झाला: आठ गाणी बाजूस काढूनही आमची भक्ती तसूभर कमी झाली नाही, उलट उरलेली चार अधिक आमची झाली. भक्ताने कान उघडे ठेविले तर देव लहान होतो अशी जी भीती असते, ती निदान आमच्या अनुभवास आली नाही.

त्या दोघांनी १९६२ साली एका परक्या गाण्याचे नाव न विचारता घेतले. एकसष्ट वर्षांनी त्यांनी ते गाणे स्वतः गाऊन परत केले, आणि तेही कसलाही डामडौल न करता, संग्रहाच्या अगदी शेवटी, जेथपर्यंत घाईचा श्रोता बहुधा पोहोचतच नाही.